एवढा बीम संपू दे

आधी कामाचं सांगून टाकते, म्हणजे पुढचं कुणी वाचलं नाही तरी चालेल. शुगर असेल आणि डोळ्यांसमोर काळे धागे तरंगायला लागले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बीम संपायची वाट बघू नका. मी बघितली.

लिहायला मला लक्ष्मीबाईंनी लावलं. दवाखान्यात माझ्या शेजारच्या कॉटवर होत्या, निपाणीच्या. म्हणाल्या, “तुमी धावी शिकलेल्या, लिवा की वो. माज्यासारकी भ्यालेली बाई कुणाकडनं तरी वाचून घील.” म्हणून बसले. अक्षर मोठं काढते, ओळ वाकडी जाते, पण माझं मला दिसतं. हे काय थोडं झालं?

मला कोण तारीख देणार

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. पुढच्या खोलीत संसार, मागच्या खोलीत एक पॉवरलूम. आम्ही त्याला माग म्हणतो. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांचा हातमाग होता, नंतर हा आला. साड्या विणायचं काम पहिल्यापासून माझंच. हे सिटी बसवर कंडक्टर.

बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा मोठा रूळ. तो मागाच्या पाठीमागं बसवतात आणि संपेपर्यंत त्यातून साड्या निघत राहतात. संपत आला की जुन्या धाग्यांच्या टोकांना नव्या बीमचे धागे एकेक करून जोडायचे. एक जुना, एक नवा, बोटाला चिमूटभर राख लावून पीळ द्यायचा. आमच्या घरात हे काम थोरल्या जाऊबाईंचं, आक्कांचं. त्यांची बोटं चालताना बघितली की झोप यायची मला, इतकी ती एकसारखी चालतात. मोठे दीर गेल्यापासून आक्का आमच्यातच असतात.

बीम संपला की आक्का राखेची वाटी घेऊन मागाशी बसायच्या आणि विचारायच्या, “जोडू काय गं, सुमन?” मी म्हणायची, “जोडा की.” ते काही खरं विचारणं नव्हे. जेवायला बसल्यावर ‘वाढू काय’ म्हणतात तसलं ते. त्यामुळं आमचा माग कधी रिकामा म्हणून झालाच नाही. सासऱ्यांच्या वेळचा धागा कुठंतरी ह्या धाग्याला जोडलेला असणार, असं मला कधीकधी वाटायचं. हातमाग मोडला तेव्हा ते सगळं तुटलं हे माहीत असूनसुद्धा वाटायचं.

हे रिटायर झाले तेव्हा डेपोत हार, फेटा, नारळ, फोटो, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा प्याले आणि मला विचारलं, “आता काय करू?”

“कांड्या भरा,” मी म्हटलं. आडवा धागा ज्या छोट्या नळीवर गुंडाळतात ती कांडी. तेव्हापासून हे कांड्या भरायचे, आणि कांडी देताना बसमधल्यासारखं ‘चला, पुढं चला’ म्हणायचे.

त्यांना तारीख होती. सरकारनं दिलेली. मागावर बसणाऱ्या बाईला कोण तारीख देणार?

धागा तुटलाय

लगीनसराई होती. मागावर हिरवी साडी होती, काठ तांबडे. विणता विणता मला दिसलं की उजवीकडं एक काळा धागा सुटून लोंबतोय. माग थांबवला. हात घातला. काही नाही. परत चालू केला, परत धागा. असं सारखं व्हायला लागलं तेव्हा मी आक्कांना हाक मारली.

“आक्का, धागा तुटलाय वो. मला टोकच गावंना.”

आक्का आल्या, वाकल्या, बोटांच्या टोकांनी सगळे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चाचपले. “कुठं काय गं? समदं शाबूत हाय.”

“तुमचे डोळे गेलेत आक्का. चष्मा बदला आता.”

“माजं डोळं गेलेत व्हय? बरं.” आणि फणकाऱ्यानं निघून गेल्या.

मी मान वर केली तर धागा भिंतीवर. दारात गेले तर धागा आभाळात. आभाळात कुठला आलाय धागा! मला हसूच फुटलं. आयुष्यभर धागे बघून बघून आता डोळ्यातच शिरले, म्हटलं. खरं सांगते, मला ते थोडं आवडलंसुद्धा होतं. दुपारी पडल्या पडल्या छताकडं बघायची. तो धागा सावकाश खाली यायचा, मी नजर हलवली की परत वर जायचा. पाण्यात पडलेल्या केसासारखा. असं बघत बघत डोळा लागायचा माझा.

रूपानं, म्हणजे माझ्या मुलीनं, दवाखान्याचं काढलं. ती टिळकवाडीत राहते, शाळेत शिकवते, आणि घरीसुद्धा शिकवतेच. मी म्हटलं, “एवढा बीम संपू दे, मग बघू.” बीम संपला. आक्कांनी विचारलं, जोडू काय? मी म्हटलं, जोडा की. मग पुढचा बीम.

आणि एका सकाळी उजव्या डोळ्यात कुणीतरी पाण्यात शाई सोडावी तसं झालं. काळपट तांबडं काहीतरी वरून सावकाश उतरत आलं आणि सगळं झाकून गेलं. दुखलं नाही, आवाज नाही. मी हातात चहाचा कप धरून बसले होते. ह्यांना म्हटलं, “अहो, मला तुम्ही अर्धेच दिसूलाय.”

त्या दिवशी

डॉक्टर बाई तरुण होत्या. अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलायच्या. डोळ्यात थेंब टाकून खूप वेळ बघितलं. शुगरमुळं डोळ्याच्या आत रक्त उतरलंय, मागचा पडदा ओढला गेलाय, ऑपरेशन करावं लागेल. डाव्या डोळ्याची पण सुरुवात आहे, त्याला लेझर मारू.

“त्रास कधीपासून आहे?”

हेच म्हणाले, “मॅडम, बीम संपायचा होता.”

“कसला बीम? घर बांधताय?”

हे हसले, मी हसले, मग बाई पण हसल्या, आणि हसता हसता मला रडू आलं. ते थांबेचना. डॉक्टर बाईंनी माझा हात धरून ठेवला. बाहेर किती पेशंट ताटकळले होते, पण त्यांनी घाई केली नाही. हे मी विसरणार नाही.

“परत पहिल्यासारखं दिसंल काय?” मी विचारलं.

“बरंच परत येईल. सगळं येणार नाही.”

“मग मागावर बसायचं का न्हाय?”

त्या म्हणाल्या, “किती दिसेल ते मी सांगू शकते. काय करायचं ते तुम्ही ठरवायचं.”

आम्ही रिक्षानं घरी निघालो. मला भीती वाटत होती. आंधळी होईन ह्याची होतीच. पण त्याहून जास्त भीती वाटत होती ती घरी जाऊन मागच्या खोलीचं दार उघडायची.

केळग नोड्री

ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात हवेचा फुगा भरतात. तो फुगा पडद्याला आतून दाबून धरतो. त्यासाठी मान खाली घालून राहायचं. बसलं तरी खाली, चाललं तरी खाली, झोपायचं तर पालथं. कुणी जरा मान वर केली की नर्सबाई लांबून ओरडायच्या, “केळग नोड्री, केळग!” म्हणजे खाली बघा, खाली. लग्न झालं तेव्हा सासूबाईंनीसुद्धा मला इतकी मान खाली घालायला लावली नव्हती.

ऑपरेशनला घाबरू नका. सुन्न करतात, कळत नाही. खरं अवघड ते पुढचं. मान भरून येते, पाठ दुखते, जीव कंटाळून जातो. पण तेव्हा मला माणसं पायांवरून ओळखता यायला लागली. रूपाचे पाय घाईचे, चपलेचा पट्टा कायम अर्धा लागलेला. ह्यांचे पाय कॉटपाशी येऊन उगाच उभे राहायचे, बसमध्ये उभे राहतात तसे, जरा फाकवून. आक्का दाराबाहेर चपला काढून यायच्या. त्यांच्या टाचांच्या भेगांत हिरव्या धाग्याचे तुकडे अडकलेले असायचे. मी कॉटच्या कडेवर डोकं ठेवून ते तुकडे बघत पडायची. आक्का काही बोलायच्या नाहीत. चष्मा बदला म्हटलेलं त्या विसरल्या नव्हत्या, पण रोज यायच्या.

आमच्या गल्लीत दिवसभर खटाक खटाक चालू असतं. त्यात लेकरं झोपतात, माणसं मरतात, देवाची आरती होते. दवाखान्यात ते नव्हतं, म्हणून मला झोप येईना. मग मी उशीत तोंड खुपसून मनातच माग चालवायची. पोटात कांडी घेऊन पळणारा धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. फुगा डोळ्याच्या मधोमध गोल दिसायचा, विहिरीत वाकून बघितल्यावर चंद्र दिसावा तसा, आणि जरा हललं की थरथरायचा. त्या गोलात मला हिरवी साडी उलगडत गेलेली दिसायची, फरशीच्या खाली, लांबवर, वडगावच्या शेतांपर्यंत. तिथं बासमती पोसवलेली असायची आणि तिचा वास यायचा. मी जागी असायची की झोपेत, देव जाणे. बरं वाटायचं एवढं खरं.

लक्ष्मीबाई शेजारी. त्याही पालथ्या. आमची तोंडं एकमेकींनी बघितलीच नाहीत, कितीतरी दिवस नुसते आवाज. त्यांनी निपाणीत तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेला.

“तुमी काम कवा सोडलंसा?” मी विचारलं.

“मी कुठं सोडलंय? वखारीनंच मला सोडलं. सकाळी डबा घिऊन गेलो, तर दाराला ही एवढं कुलूप. मालकानं धंदाच मोडला. डबा रस्त्यावर बसून खाल्ला आनि घरला आलो.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तुमाला घरची मान्सं रोज येऊन इचारूलेत की, माग चालवनार का बंद करनार म्हणून. मला कुनी इचारलंच न्हाय वो. आपन ठरवून उठायला मिळतंय, ते काय कमी हाय?”

मला तोपर्यंत वाटत होतं की सगळे माझ्या मागं लागलेत. हे असं कुणी उलटं करून दाखवलं नव्हतं.

फ्यूज

घरी आले. हळूहळू मान वर करायला परवानगी मिळाली. वर बघितल्यावर फुगा डोळ्यात तळ्याच्या पाण्यासारखा हलायचा. पाण्याच्या वर जग धूसर, खाली नुसतं हेलकावणं. रोज पाणी थोडं कमी व्हायचं. ह्यांचा आधी टोपीसकट माथा दिसला, मग भुवया, मग मिशा. “अजून हनुवटी यायची आहे,” मी म्हणायची, आणि हे दाढी खरडून तयार राहायचे. शेवटी त्या तळ्याचा एक मणी झाला आणि एके दिवशी तो मणीही दिसेना. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं बरंच परत आलं, सगळं नाही. सुईत दोरा जाईना. माणसं, भांडी, रस्ता, सगळं दिसायचं. डाव्या डोळ्यात लेझरनंतरही एक बारका धागा राहिला, तो अजून आहे.

बरं वाटल्यावर मी मागच्या खोलीत गेले. बीम अर्धा राहिलेला. चटका लागला जिवाला. बटण दाबलं. माग ढिम्म. परत दाबलं. मग बोर्डाकडं बघितलं तर फ्यूजच नाही!

“अहो! फ्यूज कुठाय?”

हे पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर उलटा होता. फ्यूज सदऱ्याच्या खिशात.

काय भांडलो आम्ही त्या दिवशी! रूपा आली तर तीही बापाच्याच बाजूची. “आई, बास की आता. कशाला पाहिजे? बाबांची पेन्शन आहे, मी आहे.”

“तुझ्या बापाला हार घालून उतरवलं बसमधनं. मला काय खिसा कापून उतरवणार तुम्ही?” मी ओरडले. “मी ठरवणार! माझ्या हातानं ठरवणार!”

रूपा रडली. मीही रडले. चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही, आक्कांच्या तोंडून निरोप द्यायची. आक्का वैतागून म्हणाल्या, “मी काय पोस्टमन हाय?” शेवटी हे स्वतःच आले, फ्यूज माझ्या हातात ठेवला. म्हणाले, “तू काढशील तवा काढ. पर एक सांगतो. मला भ्या वाटतंय.”

इतक्या वर्षांत मला भीती वाटते असं हे कधी म्हणाले नव्हते. मी फ्यूज बसवला, पण पहिल्यासारखा राग काही राहिला नाही.

ये बाबा, आलास?

दसरा झाला होता. शेतांकडून बासमतीचा वास येत होता, खराखुरा. मी दुपारचं थोडं थोडं विणायची. हात विसरले नव्हते. माग चालू झाला की अंगात पाणी खेळल्यासारखं व्हायचं. निम्मं दिसतंय, निम्मं ऐकू येतंय, आपण स्वप्नातच साडी विणतोय असं वाटायचं. मला त्या दिवसांत फार सुख झालं, हे खोटं कशाला सांगू?

डाव्या डोळ्यातला धागा यायचा, जायचा. मी त्याच्याशी बोलायची. “ये बाबा, आलास? बस.” त्याच्यासाठी माग थांबवायचा नाही, हे मी आता शिकले होते. त्या दिवशीही आला. गुलाबी साडीवर, डावीकडं. मी म्हटलं, ये, बस, आणि विणत राहिले.

साडी उतरली. घडी घालण्याआधी आक्का कायम तिच्यावरून हात फिरवायच्या. मी समोर बसले होते. आक्कांची बोटं एका जागी थांबली. पुढं गेली, परत मागं आली, परत थांबली. मी उठले, बोटं त्यांच्या बोटांशेजारी ठेवली. लागली मला रेघ. पदरापासून शेवटापर्यंत उभी, बारीक, सरळ. तो धागा डोळ्यातला नव्हता. तो खरंच तुटला होता.

साडीचं काय, एक साडी गेली. पण तुटका धागा शेजारच्या धाग्यांत गुंततो, आणि तसल्या गुंत्यात अडकला तर धोटा मागातून उडून बाहेर येतो. आमच्या गल्लीत उडालेल्या धोट्यानं डोळा गेलेला माणूस आहे. मी तिथंच समोर बसले होते, आपल्या धाग्याला ये बस म्हणत.

आधी नसलेला धागा शोधत माग थांबवत होते. आता असलेला धागा तुटला तरी थांबवला नाही. हे दोन्ही मी ज्या डोळ्यांनी केलं, त्यांच्या भरवशावर आता बसायचं नाही, हे मला तिथंच कळलं. कुणी सांगावं लागलं नाही.

“आक्का,” मी म्हटलं, “चष्म्याचं मी उगाच बोलले वो.”

“ते व्हय? ते मी कवाच बदललाय,” आक्का म्हणाल्या, आणि साडीची घडी घालून आपल्या मांडीवर ठेवली. “ही मला ऱ्हाऊ दे.”

जोडू काय

बीमवर थोडं उरलं होतं. ते मी विणून पुरं केलं, पण आक्कांना शेजारी बसवून. त्या बोटांनी धागे चाचपत होत्या, मी माग चालवत होते. धागा दिसला की मी विचारायची, “हाय काय?” त्या म्हणायच्या, “न्हाय, तुजाच हाय.” असं करत शेवटची साडी उतरली.

हे कांडी हातात धरून दारात उभे होते. आक्का राखेची वाटी घेऊन मागाशी बसल्या. मागाच्या फणीतून जुन्या धाग्यांची टोकं बाहेर लोंबत होती. नवा बीम कोपऱ्यात उभा होता, मीच सांगून आणवलेला, दवाखान्याच्या आधी.

आक्कांनी बोटाला राख लावली. “जोडू काय गं, सुमन?”

ह्या वेळी ते खरंच विचारणं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं सुद्धा.

लक्ष्मीबाईंचा डबा माझ्या डोळ्यांसमोर आला. मी म्हटलं, “नको, आक्का.”

गल्लीतले बाकीचे माग चालू होते. मी उठून बोर्डावरचा फ्यूज काढला आणि ह्यांच्या खिशात घातला. हे म्हणाले, “हार आणू काय? फेटा माजाच बांधतो.”

“हार आणा,” मी म्हटलं. “मोगऱ्याचा. आणि गोड म्हणून कुंदा आणू नका, डॉक्टर बाई मारतील.”

मला वाटलं आक्का आता राख धुऊन उठतील. त्या उठल्या नाहीत. लोंबणारे धागे मूठमूठभर हातात घेऊन त्या एकेका जुडीला गाठ मारायला लागल्या.

“हे काय करूलाय?”

“गाठ मारून ठेवतो. न्हाय तर फणीतनं निसटून जात्यात. पुडं कुनाला जोडायचं झालं तर जोडता येतंय.”

“कुणाला, आक्का?”

“मला काय म्हाईत? तू सोडलंस, मागानं थोडंच सोडलंय?”

मग मी त्यांच्या शेजारी बसले आणि उरलेल्या जुड्यांना गाठी मारल्या. दोघींनी मिळून केलं, दुपार कलली. जुडी मोठी असते, ती मला दिसते.

आता दुपारी आम्ही दोघी पुढच्या खोलीत आडव्या होतो. आक्का ती रेघेची गुलाबी साडी नेसतात आणि ती रेघ नेमकी पदरावर घेतात. शेजारच्या मागांचा आवाज येत असतो. डाव्या डोळ्यात धागा उतरतो, छतावरून सावकाश खाली येतो. हात उचलतो कधीकधी, जुन्या सवयीनं. मग लक्षात येतं की हा कुठल्याच साडीतला नाही. मी हात परत खाली ठेवते.